कबड्डीत किशोर गटातून कुमार गटात जाताना पोरं मधेच गळतात, ती गळू नयेत म्हणून काय करायचं

मागच्या गणपतीच्या आधी चिवडा गल्लीत एक पोरगा भेटला, दादा म्हणून हाक मारली म्हणून वळलो तर कधीकाळचा आमच्या कबड्डी संघाचा उजवा कोपरा, म्हणजे बचावात उजव्या कडेला उभा राहणारा. चवडा असा पकडायचा की समोरचा तिथेच बसायचा. म्हटलं काय रे, यायचा बंद का झालास, तर हसत हसत म्हणाला, दादा तुम्हीच बोललात ना उद्यापासून मोठ्यांत जा, मी गेलो ना दोन दिवस, तिकडे कोणी विचारलंच नाही.

डोक्यात बसलं ते. कारण खरंच होतं, मीच बोललो होतो. त्या जूनमध्ये आम्ही सहा पोरं एका झटक्यात वरच्या गटात ढकलली होती आणि दिवाळीपर्यंत त्यातली दोन उरली. तेव्हा आम्ही सगळे म्हणायचो की पोरांत दम नाही, मोबाईल आलाय, क्लास आलाय. अरे पण तीच पोरं मे महिन्यापर्यंत रोज अर्धा तास आधी येऊन मैदान झाडत होती, जूनमध्ये एकदम दम कुठे गेला?

परळच्या बाजूला एका छोट्या मंडळात आम्ही तिघं-चौघं संध्याकाळी पोरांना कबड्डी शिकवतो, नोकरी सांभाळून, पंधराएक वर्षं झाली. जे खाली लिहितोय ते चुकून चुकून शिकलोय. तुमचं मंडळ खोखोचं असेल, फुटबॉलचं असेल, मल्लखांबाचं असेल तरी बरंचसं लागू पडेल, आकडे फक्त वेगळे.

आधी हे बघा की पोरगं नेमकं कशातून कशात जातंय. आपल्याला वाटतं एक गट संपला दुसरा सुरू, त्याच्यासाठी मात्र खेळच बदलतो. किशोर गट म्हणजे वय १६ पर्यंत आणि वजन ५५ किलोपर्यंत, मैदान ११ बाय ८ मीटर, १५-१५ मिनिटांचे दोन डाव. कुमार म्हणजे वय २० पर्यंत, मुलांना वजन ७० किलो, मैदान थेट पुरुषांचं १३ बाय १० आणि २०-२० मिनिटं. म्हणजे ८८ चौरस मीटरवर खेळणारा पोरगा १३० वर येतो, जवळजवळ दीडपट. चढाई करणाऱ्याला ओलांडायलाच लागते ती निदानरेषा ३ मीटरवर असायची ती पावणेचारवर जाते, आणि ज्याचे पाय तीन मीटरला सवयीने वळतात तो इथेही तिथूनच वळतो, कोणाला शिवला नसेल तर रेषा न ओलांडता परत आला म्हणून बाद. त्याला कळतच नाही आपलं काय चुकलं, आणि वरचे म्हणतात याला चढाई येत नाही. मुलींचं थोडं सोपं आहे, किशोरीमधून कुमारीमध्ये जाताना वजन ५५ चं ६५ होतं, मैदान १२ बाय ८, वेळ तीच १५-१५. त्यांचे प्रॉब्लेम मैदानाबाहेर आहेत, त्यावर खाली येतो.

त्यात शाळेचे गट परत वेगळे, तिथे १४, १७ आणि १९ वर्षांखालील. म्हणजे पंधरा वर्षांचा पोरगा शाळेकडून १७ खाली आणि मंडळाकडून किशोर, घरच्यांचा पार गोंधळ होतो, त्यांना वाटतं मंडळवाले काहीतरी गडबड करतायत. एकदा पालकांना बसवून कागदावर लिहून दाखवा, दहा मिनिटांचं काम आहे. आणि ज्या स्पर्धेला जाताय तिचं पत्रक वाचा, वय कुठल्या तारखेला मोजणार ते त्यावर दिलेलं असतं. गल्लीतल्या स्पर्धांत आयोजकांनी स्वतःचीच वजनं ठरवलेली असतात, तिथे फोन करून विचारलेलं बरं.

आता कामाला लागू. सगळ्यात पहिलं एक वही करा. आमच्याकडे साधी दोनशे पानी आहे, फोनमध्ये पण करून बघितलं होतं पण फोन बदलला की यादी गेली. प्रत्येकाची जन्मतारीख (दाखला बघून लिहा, पोरांना विचारून नको, एकदा एका पठ्ठ्याने दोन वेगळ्या तारखा सांगितल्या होत्या), इयत्ता, आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी वजन. वजन का, तर वयाआधी वजनच पोराला बाहेर काढतं. चौदाव्या वर्षी पोरगा उंच होतो, जानेवारीत ५१ असतो आणि मे मध्ये ५६, झालं, वय किशोरचं आणि काटा कुमारचा. वही असली की मार्चमध्येच दिसतं हा जाणार, तयारी करायला दोन-तीन महिने मिळतात. वही नसली की स्पर्धेच्या दिवशी काट्यावर कळतं, सगळ्यांसमोर, आणि ते तोंड बघवत नाही.

इथे एक गोष्ट जरा कडक लिहितो. वजन उतरवायला लावू नका. मी स्वतः बघितलंय, आदल्या रात्रीपासून पाणी बंद, सकाळी प्लास्टिकचं जॅकेट घालून मे महिन्याच्या उन्हात पळवतायत, थुंकायला लावतायत, काट्यावर ५४.९ आला की टाळ्या. आणि दुपारी तोच पोरगा तिसऱ्या चढाईला डोळे पांढरे करून बसतो. वाढत्या वयातल्या पोराला एका ढालीसाठी उपाशी ठेवायचं आणि वर त्याला जिगर म्हणायचं, हे मला पटत नाही. त्यातून साधतं काय, तर तो अजून एक वर्ष खाली राहतो, आणि पुढच्या वर्षी वर जातो तेव्हा अशक्त होऊन जातो. वजन वाढतंय तर वाढू दे, चांगली गोष्ट आहे, वर लागणारच आहे ते. फक्त असा पोरगा वयाने लहान असतो हे वरच्यांना सांगावं लागतं, दिसायला दांडगा असला तरी आतून आठवीतलंच पोर आहे. घरी आईला पण सांगा, नाहीतर मंडळात वजन वाढलं म्हणाले म्हणून पोरगा भात सोडतो.

मग दुसरं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं: गट एका दिवसात बदलू नका. आम्ही आता एप्रिलमध्ये, परीक्षा संपल्या की सुरुवात करतो आणि १५ जुलैला पूर्ण करतो. १५ जुलै का, तर तो कबड्डीमहर्षी बुवा साळवींचा जन्मदिवस, कबड्डी दिन, मंडळात तसाही नारळ फुटतो, त्याच दिवशी वरच्या गटाची जर्सी देतो. मधले तीन-साडेतीन महिने पोरगा दोन्हीकडे असतो. सोमवार, बुधवार, शुक्रवार आपल्या जुन्या पोरांत, मंगळवार, गुरुवार मोठ्यांत. जूनपासून उलटं, तीन दिवस वर, दोन दिवस खाली. आपल्याकडे खाली तो राजा असतो ना, त्याला तिथे दोन दिवस राजा राहू दे, मग वर मार खाल्ला तरी चालतं त्याला. एकदम काढून घेतलं की मग फक्त मार उरतो.

यात एक गंमत आमच्या लक्षात उशिरा आली. छोट्यांची प्रॅक्टिस सव्वासातला संपते, मोठ्यांची आठला सुरू होते, कारण मोठ्यांतले निम्मे कामावरून येतात, कोणी दादरला गाडी बदलून, कोणी करी रोडला उतरून. मधला पाऊण तास त्या नव्या पोराने करायचं काय? घरी गेला की आई म्हणते आता कुठे परत, बस जेवायला. नाही गेला तर नाक्यावर वडापाव खाऊन येतो आणि भरल्या पोटी चढाई. आमची निम्मी गळती त्या पाऊण तासात होत होती राव, आणि आम्ही स्वभाव शोधत बसलो होतो. आता त्या वेळात मंडळाची खोली उघडी असते, केळी आणि चणे-शेंगदाणे ठेवतो, कोणीतरी एक जण थांबतो, पोरं गृहपाठ करतात किंवा मागच्या मॅचचा व्हिडिओ बघतात. तुमच्याकडे पाऊण तास नसेल, दुसरं काहीतरी असेल, वेगळं मैदान, वेगळा रस्ता, रस्ता ओलांडायचा म्हणून घरचे सोडत नाहीत. ते शोधा आधी.

एकट्याला कधीच पाठवू नका. किमान दोघं. वजनामुळे एकटाच जाणार असेल तर त्याच्याबरोबर एक जवळचा मित्र मंगळवार-गुरुवार नुसता वॉर्मअपला जाऊ दे, काही बिघडत नाही.

आणि वर त्याला एक माणूस हवा. आम्ही आधी कॅप्टनवर सोपवायचो, साफ चूक, कॅप्टनला स्वतःचे व्याप असतात, तो पहिल्या दिवशी खांद्यावर हात टाकतो आणि दुसऱ्या दिवशी विसरतो. दोन वर्षांपूर्वी जो स्वतः वर आला तो निवडा, त्याला अजून आठवत असतं कसं वाटतं ते. त्याला भाषण देऊ नका, कामं सांगा: पहिले दोन आठवडे जाताना त्याला खोलीवरून घेऊन जा, सगळ्यांना नावाने ओळख करून दे, बचावात तो कोपऱ्यात असेल तर तू त्याच्या शेजारी उभा राहा. बस. आणि पोरगा सलग दोन दिवस आला नाही तर तिसऱ्या दिवशी घरी जायचं. फोन नाही, घरी. चाळीत खालून हाक मारली की पोरगा गॅलरीत येतोच, टॉवरमध्ये वॉचमनला सांगून वर जायला लागतं एवढाच फरक.

ज्या पोराच्या घरचे रिडेव्हलपमेंटमध्ये डोंबिवली-विरारला गेले त्याच्या घरी कसं जाणार, हे मात्र मलाही सुटलेलं नाही. तिथे आईवडिलांशी फोनच.

मैदानावर पहिल्या महिन्यात काय करायचं ते नीट सांगतो, कारण इथेच दुखापती होतात. आम्ही १३ बाय १० च्या आत फक्कीने ११ बाय ८ पण आखतो, मॅटवर असलो तर रंगीत चिकटपट्टी लावतो. नवीन पोरगा पहिले दोन आठवडे आतल्या रेषांवर चढाई करतो, मग एक-एक बाजू बाहेरची. निदानरेषेसाठी वेगळा सराव घेतो, समोर कोणी नाही, नुसतं कबड्डी कबड्डी म्हणत जायचं, पावणेचार मीटर, मागचा पाय हवेत, परत. वीस वेळा. पोरं कंटाळतात, पण पाऊल नवीन जागी पडायला तेवढं लागतंच. दुसरं म्हणजे पहिला महिना नवीन पोराला धडक मारायची नाही, हा नियम मोठ्यांना त्याच्यासमोरच सांगा. ५६ किलोच्या पोराला ६९ किलोचा कव्हर, म्हणजे कोपऱ्याच्या आतल्या बाजूचा बचावपटू, बाजूने येऊन आदळला की खांदा निखळायला वेळ लागत नाही. पकडा, अडवा, धडक नको. आणि पहिली चढाई संघातल्या सगळ्यात भारी बचावासमोर देऊ नका, तिघंच समोर उभे करा. एक गुण घेऊन परत आला ना तर तो घरी जाताना रस्ताभर ती चढाई परत परत करत जातो, मी बघितलंय, के.ई.एम.च्या बाजूच्या फुटपाथवरून एकटाच हात पुढे काढत चालला होता.

खालच्या कोचने वरच्या कोचला काय सांगायचं? आमच्याकडे आधी सांगायचेच नाहीत, चांगला आहे बघ, एवढंच. आता वहीतलं एक पान फाडून देतो. कुठल्या पायावर उडी, आधीची दुखापत, दमा वगैरे आहे का, घरी कोण आहे, कुठल्या वारी क्लास. आणि एक गोष्ट मुद्दाम लिहीत नाही, ती म्हणजे टोपणनाव. खाली त्याला कोणी ढोल्या म्हणत असेल, बोबड्या म्हणत असेल, ते वर जायला नको. नवीन ठिकाणी त्याला खऱ्या नावाने सुरुवात करू दे, मोठी पोरं काय ते नवीन नाव ठेवतीलच म्हणा.

मोठ्यांच्या चिडवाचिडवीबद्दल. मॅट अंथरणं, पाणी भरणं हे नव्यांनीच करायचं अशी सगळीकडे पद्धत, आमच्यावेळी पण होती आणि आम्ही केलं म्हणून तुम्ही करा असं चालतं. आम्ही पाळ्या लावल्या, कॅप्टनसकट. पहिल्या आठवड्यात मोठ्यांनी तोंडं केली, मग गप. काम सगळ्यांनी केलं तर ते काम, एकानेच केलं तर ती सतावणूक, पोरांना हा फरक बरोबर कळतो.

व्हॉट्सॲप ग्रुपचं कोणी बोलत नाही म्हणून लिहितो. वर गेला की पोरगा मोठ्यांच्या ग्रुपमध्ये जातो, तिथे वीस वर्षांची पोरं काय टाकतात ते तुम्हाला माहितेय. चौदा-पंधरा वर्षांच्या पोराला त्यात टाकू नका. अठराखालच्यांचा ग्रुप वेगळा, त्यात पालक, त्यात फक्त वेळ आणि जागा. कुठल्याही कोचने लहान पोराशी किंवा मुलीशी एकट्याने रात्री चॅट करायचं नाही, खोलीवर कायम दोन मोठी माणसं. यात संशयाचा प्रश्न नाही, लहान मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणारा पॉक्सो कायदा २०१२ पासून आहे आणि नियम सगळ्यांना सारखा असला की कोणाला वाईट वाटत नाही.

आता मुली. मुली खेळ जमत नाही म्हणून जात नाहीत हो. त्या जातात कारण वरच्या गटाची वेळ आठची, परत यायला साडेनऊ, आणि बाबा म्हणतात बास झालं. त्या जातात कारण खोलीला कडी नाही, कपडे कुठे बदलायचे, बाथरूमला जायचं तर समोरच्या काकूंच्या घरी. आम्ही तीन गोष्टी केल्या आणि फरक पडला. कुमारींची वेळ सहाला आणली, मुलांची मागे ढकलली, भांडणं झाली, होऊ दे. खोलीला आतून कडी आणि पडदा, फर्स्ट एडच्या डब्यात पॅड, कोणाला विचारायला न लागता उघडून घेता येतील असे. आणि जुन्या खेळाडूंपैकी एक ताई, जिचं आता लग्न झालंय, मुलगा पहिलीत आहे, ती आठवड्यातून दोन दिवस येते. कोच म्हणून आम्ही जे वर्षभर सांगतो ते ती पाच मिनिटांत सांगते. घरी सोडायला एका बाजूला राहणाऱ्या मुली एकत्र निघतात, एकीने पोचल्यावर पालकांच्या ग्रुपवर टाकायचं. शॉर्टच्या आत टाइट्स घालायची मोकळीक द्या, त्यावरून वाद घालू नका.

आणि दहावी. बघा, पोरगा सोळाचा होतो साधारण तेव्हाच दहावी येते, म्हणजे गट बदलायचा आणि बोर्डाचं वर्ष एकदमच डोक्यावर. आपण काय करतो, दहावी होऊ दे मग जूनला वर घेऊ. मग तो वर्षभर येत नाही, आणि दहावीनंतर परत यायचं म्हणतो तर खाली वयात बसत नाही आणि वर कोणी ओळखीचं नाही. कुठे येणार तो? म्हणून माझं स्पष्ट मत, ज्याचं शरीर तयार आहे त्याला नववीनंतरच्या एप्रिलमध्ये वर नेऊन ठेवायचं. स्पर्धा किशोरची खेळू दे वयात आणि वजनात बसतोय तोवर, पण उठबस वर. मग दहावीला आठवड्यातून एक रविवार आला तरी पुरे, जागा राहते त्याची. पालकांना हेच सांगा की रोज पाठवा म्हणत नाही, रविवारी सात ते साडेआठ द्या. एवढ्याला बहुतेक आया हो म्हणतात. दहावीच्या मार्कांत खेळाचे सवलतीचे गुण मिळतात हे पण सांगा, पण त्यासाठी कुठल्या स्पर्धेत कुठपर्यंत पोचायला लागतं ते आधी शाळेत विचारून घ्या, उगाच गाजर दाखवू नका.

वर जाऊन एखादा परत आला तर? येऊ दे. एक पोरगा मे मध्ये वर गेला, जूनला म्हणाला दादा मला नाही जमत, मी परत इकडेच येतो. पूर्वी आम्ही म्हटलं असतं घाबरलास काय. आता म्हटलं ये, पण छोट्यांना वॉर्मअप तू द्यायचा. दोन महिने दिला, सप्टेंबरात आपणहून वर गेला. मोठं होणं म्हणजे वरच चढायचं असं कुठे आहे, आपल्याकडे गोविंदात बघा ना, पोरगा मोठा झाला, वजन वाढलं की वरच्या थरावरून खाली येतो आणि शेवटी सगळ्यात खाली उभा राहतो, त्याला कोणी उतरला म्हणत नाही. (आणि हो, १४ च्या खालच्यांना थरावर चढवायचं नाही, मंडळात गोविंदा पथक पण असेल तर तीच वही तिथे पण वापरा.)

स्काऊटमध्ये हे बरं असतं, दहाव्या वर्षी कब-बुलबुल संपतं आणि स्काऊट-गाईड सुरू होतं, त्याला रीतसर सोहळा असतो, पोराला कळतं आपण आता तिकडचे. आपल्या मंडळांत कोणी काही बोलतच नाही, एक दिवस कोणीतरी म्हणतं तू अजून इकडे काय करतोस.

म्हणून आमचा १५ जुलै. पाऊस असतो, मैदानात गुडघाभर पाणी, मग खोलीतच उरकतो, दाटीवाटीने. खालच्या गटातला सगळ्यात छोटा नाव पुकारतो आणि वरचा जोडीदार जर्सी देतो, आम्ही मोठे कोणी माईक धरत नाही. शेवटचं, जर्सीची ऑर्डर मे मध्येच द्या, जूनमध्ये शिवणारे शाळेच्या गणवेशात अडकलेले असतात. आणि माप एप्रिलचं देऊ नका. गेल्या वर्षी एकाचं मीडियम सांगितलं होतं, जुलैला ती बेंबीच्या वर. एक साईज मोठीच सांगा.